पॅरिस ते रोम ट्रेनने, सासूसासऱ्यांना घेऊन: पासचं शेवटी बघा, आधी गाडी कुठे बदलायची ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एक ताई, त्यांचे मिस्टर, नऊ वर्षांची मुलगी आणि पासष्टी ओलांडलेले सासूसासरे, सगळे पहिल्यांदाच परदेशी चाललेत, मे महिन्यात. विमान पॅरिसला उतरणार, परतीचं रोमहून. मधे इंटरलाकेनला चार रात्री आणि फ्लॉरेन्सला तीन. सासऱ्यांचा गुडघा दुखतो. त्यांना विचारायचंय की युरेल पास (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गाड्यांवर चालणारा एकच पास) घ्यावा की सुटी तिकीटं, किती आधी काढावीत, आणि भाषा येत नसताना प्लॅटफॉर्म वगैरे सापडेल का की सरळ ग्रुप टूरला जावं.

मी कॉलेज रोडला छोटं ऑफिस चालवते, आमच्याकडे ग्रुप टूर नसतात, ज्यांना आपलं आपण फिरायचंय अशा घरांचे प्लॅन करून देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे दर उन्हाळ्यात येतो. आणि बहुतेक सगळे सुरुवात पासपासूनच करतात. माझ्या मते पासचा हिशेब सगळ्यात शेवटी करायचा असतो. आधी हे बघायचं की पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा किती वेळा एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढणार आहेत, कुठल्या स्टेशनवर, आणि मधे किती वेळ आहे. युरोपातल्या गाड्यांमध्ये एकदा बसलं की काही त्रास नसतो, जे काय होतं ते चढताना, उतरताना आणि बदलताना होतं. त्यामुळे ग्रुप टूरची गरज मला तरी तुमच्या रूटवर दिसत नाही, पण रूट नीट आखायला हवा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे बाकीचं सोपं जाईल. तिकडे आपल्यासारखं वेटिंग लिस्ट, आरएसी, तत्काळ असलं काही नाही. तिथे ढोबळमानाने दोन प्रकारच्या गाड्या असतात. एक बांधलेल्या, म्हणजे ठराविक गाडी, ठराविक डबा, ठराविक सीट, ती चुकली की स्वस्तातलं तिकीट बहुतेक वेळा वाया. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि इटालो, लंडनची युरोस्टार या सगळ्या अशा. दुसऱ्या मोकळ्या, म्हणजे तिकीट त्या मार्गाचं, त्या दिवशीची कुठलीही गाडी पकडा, सीट रिकामी दिसेल तिथे बसा. स्वित्झर्लंडमधल्या नेहमीच्या गाड्या अशा आहेत (सुपरसेव्हर म्हणून जे स्वस्त तिकीट मिळतं ते मात्र एकाच गाडीला बांधलेलं असतं, नावाला भुलू नका). एकदा हे कळलं की कुठे घाई करायची आणि कुठे नाही ते आपोआप कळतं. मोकळी गाडी चुकली तर बाकावर बसून डबा उघडायचा, अर्ध्या-एक तासात पुढची येते. बांधलेल्या गाडीला मात्र वेळेच्या बऱ्याच आधी स्टेशनवर हवंच.

आता तुमचा रूट. पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला जायचे बरेच रस्ते रेल्वेचं ॲप दाखवतं, त्यात काही दोन-तीन बदलांचेही येतात आणि ते कधी पंधरा-वीस मिनिटं लवकर पोचवतात म्हणून लोक ते घेतात. तुम्ही घेऊ नका. पॅरिस गार द लियॉं स्टेशनवरून टीजीव्ही लिरियाने (फ्रान्स-स्वित्झर्लंडमधली टीजीव्ही) बासेल, साधारण तीन तास, आणि बासेल एसबीबीहून (एसबीबी म्हणजे स्विस रेल्वे) इंटरलाकेन ओस्टला थेट गाडी, साधारण दोन तास. एकच बदल. त्यातली पहिली गाडी बांधलेली, दुसरी मोकळी, म्हणजे लिरियाला उशीर झाला तरी पुढे काही बिघडत नाही. बांधलेलीकडून मोकळीकडे जाणं मला नेहमी आवडतं, उलटं असेल तर मधे वेळ जास्त ठेवावा लागतो. बासेलमध्ये बाडिशर बानहोफ नावाचं जर्मन रेल्वेचं वेगळं स्टेशन आहे, ते तुमचं नाही, एसबीबी लिहिलेलं बघा.

गार द लियॉं बद्दल जरा सविस्तर सांगते कारण तुमच्या ट्रिपमधली पहिली मोठी गाडी तिथूनच आहे आणि धास्ती तिथेच वाटते. पॅरिसमध्ये मोठी स्टेशनं बरीच आहेत आणि दिशेप्रमाणे वाटलेली आहेत, लंडन-ब्रसेल्स-ॲमस्टरडॅमच्या गाड्या गार दू नॉरहून, जर्मनीकडच्या बऱ्याचशा गार द लेस्टहून, स्वित्झर्लंडच्या गार द लियॉंहून. टॅक्सीवाल्याला नुसतं स्टेशन म्हणू नका, तिकीटावरचं नाव दाखवा. आणि पाच जण आहात तर साधी टॅक्सी पुरत नाही, मोठी व्हॅन हॉटेलला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आत गेल्यावर दोन मुख्य हॉल आहेत, हॉल एकचा रंग पिवळा आणि तिथले प्लॅटफॉर्म ए, बी, सी असे अक्षरांचे, हॉल दोनचा निळा आणि तिथले आकड्यांचे. तुमचा प्लॅटफॉर्म कुठला हे गाडीच्या साधारण वीस मिनिटं आधी बोर्डावर लागतं, त्याआधी कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे बोर्ड रिकामा दिसला म्हणून घाबरून चौकशी खिडकीवर पळायचं नाही. सगळी गर्दी बोर्डाकडे बघत उभी असते, तुम्हीही उभं राहा, आजीआजोबांना बसवून ठेवा आणि एकाने बोर्डावर लक्ष ठेवा. मात्र एकदा लागलं की लगेच निघा, टीजीव्हीचे दरवाजे सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, धावत्या गाडीत चढणं वगैरे प्रकार नाही. आणि ही गाडी लांबलचक असते, कधीकधी दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही, म्हणून आत चढून मग डबा शोधू असं करू नका, डब्याचा नंबर बाहेरूनच बघून चढा. तिकीटावर व्वात्यूर म्हणजे डबा आणि प्लास म्हणजे सीट.

लिरिया दुमजली आहे. बुकिंग करताना वरचा मजला की खालचा हे विचारलं तर खालचा निवडा, सासऱ्यांचा गुडघा आहे म्हणून तर आहेच, पण डब्यातून डब्यात जायची वाट वरच्या मजल्यावरून असते, त्यामुळे खाली येजा कमी आणि शांतता जास्त. वरून बाहेरचं जास्त छान दिसतं हे खरंय, मुलीला हवं असेल तर बाबांबरोबर एक फेरी वर मारून येईल.

इंटरलाकेनला वेस्ट आणि ओस्ट अशी दोन स्टेशनं आहेत. डोंगरावरच्या गाड्या ओस्टहून सुटतात म्हणून हॉटेल ओस्टच्या चालत अंतरावर घ्या, जरा महाग पडलं तरी. मी तर सगळ्याच गावांत हॉटेल स्टेशनपासून पाचदहा मिनिटांच्या आत घ्यायला सांगते, ज्येष्ठ बरोबर असले की ते पैसे टॅक्सीत आणि दमणुकीत वसूल होतात.

ओस्टहून लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डला जी गाडी जाते तिची एक खोड सांगून ठेवते. ती एकच गाडी म्हणून निघते आणि झ्वायल्यूचिनेन नावाच्या छोट्या स्टेशनात तिचे दोन भाग होतात, एक भाग लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. आमच्याकडून गेलेल्या सिडकोतल्या एका घरात असं झालं की आजीआजोबांना एका डब्यात जागा मिळाली म्हणून ते तिथे बसले, बाकीचे गर्दी बघून पुढच्या डब्यांत गेले, आणि पंधरा-वीस मिनिटांनी दोघं एका दरीत आणि तिघं दुसऱ्या दरीत. सुदैवाने आजोबांकडे फोन होता, उतरल्यावर तिथेच थांबा एवढं सांगितलं आणि तासाभरात सगळे भेटले. डब्यावर आणि प्लॅटफॉर्मच्या बोर्डावर कुठला भाग कुठे जातो ते स्पष्ट लिहिलेलं असतं, प्लॅटफॉर्मचे ए, बी, सी, डी असे भाग असतात, त्याप्रमाणे उभं राहायचं. पण नियम एकच ठेवा, पाचही जण एकाच डब्यात चढायचं, जागा नसेल तर उभं राहायचं. आणि प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं कार्ड आणि चालणारा फोन हवा, आजींच्याही.

स्विस स्टेशनांवर प्लॅटफॉर्म नंबर आधीच ठरलेला असतो, एसबीबीच्या ॲपमध्ये दिसतो, बदलला तर तिथेच कळतं. बोर्डावर तुमच्या गावाचं नाव ठळक नसेल तर गोंधळू नका, नाशिकरोडहून कल्याणला जाताना गाडीच्या पाटीवर कल्याण थोडंच असतं, मुंबई असतं, तसंच तिथेही गाडी शेवटी कुठे जाते ते मोठ्या अक्षरात आणि मधली स्टेशनं बारीक. म्हणून गाडीची वेळ आणि नंबर जुळवायचा. आणि दरवाजे आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं लागतं. हे अगदी क्षुल्लक वाटतं पण पहिल्यांदा गेलेली माणसं बंद दरवाज्यासमोर वाट बघत उभी राहिलेली मी पाहिलीत.

इंटरलाकेन ते फ्लॉरेन्स हा तुमचा सगळ्यात अवघड दिवस. इंटरलाकेन ओस्टहून स्पीत्झ, वीसेक मिनिटं. स्पीत्झहून युरोसिटी गाडी आल्प्सच्या खालून बोगद्यांतून मिलानो चेंत्राले (मिलानचं मुख्य स्टेशन), अडीच-पावणेतीन तास. मिलानोहून फ्रेच्चारोसाने फिरेन्झे सान्ता मारिया नोव्हेल्ला, दोन तासांच्या आत. (ॲपमध्ये फ्लॉरेन्स टाकून नाही सापडलं तर फिरेन्झे टाका, सान्ता मारिया नोव्हेल्ला हे मुख्य स्टेशन.) इथे दोन बदल आहेत आणि ते टाळता येत नाहीत. शिवाय स्पीत्झहून मिलानोच्या थेट गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत आणि सीमेपार जाताना रिझर्वेशन लागतंच, म्हणून या दिवसाची सुरुवात या गाडीपासून करा आणि बाकीचं तिच्याभोवती बसवा. या मार्गावर उन्हाळ्यात रुळांची कामं काढतात, वेळापत्रक बदलतं, म्हणून कुणाच्या मागच्या वर्षीच्या ब्लॉगवरून वेळा घेऊ नका, आपली तारीख टाकूनच बघा.

मिलानोला मी किमान एक तास ठेवते, दीड असेल तर उत्तम. ॲप वीस-पंचवीस मिनिटांचं कनेक्शन आनंदाने दाखवेल. पण मिलानो चेंत्राले भव्य आहे, प्लॅटफॉर्मवर जायला तिकीट दाखवून गेटमधून जावं लागतं, आणि सीमेपलीकडून येणाऱ्या गाडीला उशीर होणं काही विशेष नाही. शक्य असेल तर स्पीत्झ ते फिरेन्झे एकाच बुकिंगमध्ये, एकच सलग तिकीट म्हणून काढा, कारण मग पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली तर पुढे न्यायची जबाबदारी रेल्वेची. दोन वेगवेगळी तिकीटं काढली तर दुसरीवाला म्हणणार तुमची पहिली गाडी कुठे होती ते आम्हाला काय माहीत. युरोपियन युनियनच्या नियमात एक तासाच्या वर उशीर झाला तर तिकीटाच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या वर ५० टक्के परत मागता येतात, पण संध्याकाळी पाच माणसं घेऊन मिलानोला अडकल्यावर त्या २५ टक्क्यांचं कुणाला पडलेलं नसतं. सलग नाही मिळालं तर मिलानो-फिरेन्झेचं तिकीट बेस प्रकारातलं घ्या, ते बदलता येतं, सुपर इकॉनॉमी बदलता येत नाही. उलट फ्लॉरेन्स ते रोम ही एकच गाडी, दीड तासाची, तिथे खुशाल सगळ्यात स्वस्त घ्या. पैसे कुठे वाचवायचे ते असं ठरवायचं, जिथे आधीच्या गाडीवर काही अवलंबून नाही तिथे.

परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी फ्लॉरेन्सहून निघून रोमला विमान पकडायचा बेत अजिबात नको. शेवटची रात्र रोमलाच. तेर्मिनी स्टेशनहून विमानतळाला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत जाते. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर करून होतात, शोपेरो हा शब्द बातमीत किंवा स्टेशनवर दिसला तर लक्ष द्या, अशा दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकल गाड्या चालवणं बंधनकारक असतं.

आता पास. तुमच्याकडे मोठ्या प्रवासाचे दिवस तीनच आहेत. युरेल पास घेतला तरी टीजीव्ही आणि फ्रेच्चारोसाला वेगळे पैसे भरून सीट रिझर्व्ह करावीच लागते, लिरियात तर पासवाल्यांसाठी मोजक्याच सीटा ठेवलेल्या असतात आणि त्या आधी संपतात. आणि इंटरलाकेनच्या वरच्या डोंगरी गाड्यांवर युरेलला सवलत मिळते, फुकट नाही. त्यामुळे तीन दिवसांसाठी, आधी बुकिंग करणं शक्य असताना, तुमच्या घराला मी युरेल सुचवणार नाही. जी मंडळी महिनाभर फिरतात, आज इथे उद्या तिथे, जर्मनी-ऑस्ट्रिया जास्त, जिथे बऱ्याच गाड्यांना रिझर्वेशन लागत नाही, त्यांना युरेल उत्तम. साठीच्या वरच्यांना १० टक्के सवलत आहे आणि १२ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर मोफत, म्हणून तो हिशेब मोहात पाडतो, पण रिझर्वेशनचे पैसे धरून बेरीज करा.

स्वित्झर्लंडचं वेगळं. तिथे दोन पर्याय, स्विस ट्रॅव्हल पास किंवा हाफ फेअर कार्ड (तिकीटं अर्ध्या भावात देणारं), आणि मी एकाच घरात दोन्ही मिसळते. पासमध्ये गाड्या, बस, तलावातल्या बोटी सगळं येतं, लाउटरब्रुनेन-ग्रिंडेलवाल्ड-वेंगेनपर्यंतही येतं, पण युंगफ्राउयोखच्या (डोंगरी गाडीचं उंचावरचं, बर्फातलं शेवटचं स्टेशन) वरच्या टप्प्यावर फक्त २५ टक्के सवलत. हाफ फेअर कार्डवर तिथे ५० टक्के, आणि ते महिनाभर चालतं. म्हणजे रोज हिंडणार असाल तर पास, आणि एक मोठा डोंगर करून बाकीचे दिवस निवांत असाल तर कार्ड. आजीआजोबा चार दिवस रोज बाहेर पडतील का हे तुम्हालाच माहीत. माझा अनुभव असा की ते एक दिवसाआड पडतात आणि मधल्या दिवशी ब्रीएन्झ तलावाच्या काठी बसून खूष असतात, म्हणून त्यांना बहुधा कार्ड आणि तुम्हा दोघांना पास. मुलीला यातल्या कशाही सोबत फॅमिली कार्ड मोफत मिळतं, मागून घ्या, आपणहून देतीलच असं नाही. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, सासूसासऱ्यांना बीपी-दम्याचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, वर जाऊन विचार करण्यात अर्थ नाही.

बुकिंग कधी? बांधलेल्या गाड्यांचे भाव विमानासारखे चढतात, म्हणून लवकर काढणं चांगलं, पण व्हिसा हातात नसताना परत न होणारी तिकीटं काढू नका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तर अपॉइंटमेंट लवकरची घ्या, व्हिसा आला की त्याच आठवड्यात लिरिया आणि स्पीत्झ-मिलानो, मग बाकीची. स्विस गाड्यांची घाई नाही. पैसे भरताना कार्डावर इंटरनॅशनल वापर बँकेच्या ॲपमधून चालू करून ठेवा. काही साइट्सवर भारतीय कार्ड चालत नाही, मग ट्रेनलाइन किंवा ओमिओ या तिकीटं विकणाऱ्या साइटवरून काढा, थोडी फी पडते. शक्यतो सगळं घरूनच काढा कारण ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, तिकडे गेल्यावर ते सिम फोनमध्ये आणि रोमिंगवर नसेल तर कार्ड असून नसल्यासारखं. तिकीटांच्या पीडीएफ दोन फोनमध्ये आणि एक प्रिंट. पासपोर्ट मोठ्या बॅगेत नको, सीमेवर गाडीत तपासणीला कोणी आलं तर अंगाजवळ हवा.

सामान. हमाल नाहीत, एवढं लक्षात ठेवा. पाच जणांत तीन मध्यम बॅगा आणि प्रत्येकाची पाठीवरची सॅक, याच्या वर नाही, आणि फ्रान्सच्या गाड्यांत प्रत्येक बॅगेवर नावाचं लेबल हवं. खायचं न्या, दशम्या, चटण्या, चिवडा सगळं चालतं, मात्र पेढे, पनीर, तूप असले दुधाचे आणि मटण-चिकनचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. मोठ्या स्टेशनांवर, खास करून मिलानो आणि रोमला, तिकीट मशीनपाशी कोणी आपणहून मदतीला आलं तर नको म्हणा आणि पाकीट सांभाळा. शौचालयाला बऱ्याच ठिकाणी सुटे पैसे लागतात, आजींच्या पर्समध्ये नाणी ठेवा.

आणि निघायच्या महिनाभर आधी एक करा. याच बॅगा, साधारण त्याच वजनाच्या भरून, सगळ्यांनी नाशिकरोडहून पंचवटीने किंवा वंदे भारतने मुंबईला एक फेरी मारून या. हमाल करायचा नाही, पुलाचा जिना आपापली बॅग घेऊन चढायचा, डब्यात चढायचं, बॅग वर ठेवायची. आमच्याकडच्या बहुतेक घरांनी या फेरीनंतर एक बॅग कमी केलीय. सासरे जिन्यावर कुठे थांबतात, किती वेळ थांबतात हेही तिथेच कळेल.

तुमच्या तारखा पक्क्या झाल्या की कळवा, स्पीत्झची गाडी त्या दिवशी धड चालतेय का आणि मिलानोला किती वेळ मिळतोय ते बघून सांगते. आणि ती मुंबईची फेरी झाली की सासऱ्यांना बॅगेसकट जिना जमला की नाही तेवढं लिहा, नसेल जमत तर इंटरलाकेन आणि फ्लॉरेन्सच्या मधे मिलानोला स्टेशनजवळ एक रात्र टाकू आणि फ्लॉरेन्सची एक कमी करू.